चार नंबरचा चिमटा

वहिनींना राग यायला कारण लागत नाही, असं मैदानावरचे लोक म्हणायचे. हे साफ खोटं. वहिनींना कारण लागायचं, आणि ते कारण रोज सकाळी सातपासून आपल्या पायांनी चालत त्यांच्या टेबलापर्यंत यायचं.

मैदान म्हणजे विमानातून उड्या मारायचं मैदान. एक धावपट्टी, एक विमान, पत्र्याचं लांबलचक हँगर आणि हँगरच्या पाठीला चिकटलेली एक खोली. खोलीत दहा माणसं जेवायला बसतील एवढं लांब टेबल, दोन शिलाई मशीन, रिळांची फळी आणि खिडकीला जाड पडदा. पडदा हवाच, कारण उन्हानं नायलॉन सडतं. हे वहिनी गेली सतरा वर्षं सांगत होत्या आणि गेली सतरा वर्षं कुणी ना कुणी भर दुपारी आपली छत्री गाडीच्या टपावर वाळत घालत होता.

छत्री म्हणजे पॅराशूट. मैदानावर कुणी पॅराशूट म्हणालाच तर तो पाहुणा समजावा. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या. एक मोठी, रोजची, तिची घडी ज्याची त्यानं घालायची. दुसरी राखीव. मोठीनं दगा दिला तर हिच्या भरवशावर जमिनीला पाय लागायचे. ही राखीव बांधायचा परवाना मैदानावर एकट्या वहिनींकडे. सहा महिन्यांतून एकदा ती पूर्ण उघडायची, शिवण न् शिवण बघायची, दोरी न् दोरी बोटांतून ओढायची, परत घडी घालून पिशवीत बसवायची, पिन लावायची, पिनेला लाल दोरा बांधायचा आणि दोऱ्यावर शिशाचा मणी दाबायचा. मण्यावर वहिनींचा नंबर. एकदा मणी दाबला की मग ती उघडणार एकतर सहा महिन्यांनी वहिनींच्या हातानं, नाहीतर वर आभाळात, जीव मुठीत धरलेल्या माणसाच्या हातानं.

वहिनी मूळच्या या धंद्यातल्या नव्हेत. त्या पडदे आणि तंबू शिवायच्या. पण त्यांची नणंद निघाली वैमानिक. एका संध्याकाळी ती फाटलेली छत्री घेऊन घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून म्हणाली, "वहिनी, तू पडदे शिवतेस ना, मग हाही एक पडदाच समज." वहिनींनी आधीची शिवण बघितली आणि विचारलं, "वन्सं, हे शिवलंय कुणी? पायानं शिवलंय का?" पंधरा दिवसांनी मैदानावरचे म्हातारे कारागीर काठी टेकत घरी आले. पायानं शिवणारे ते हेच. आल्या आल्या म्हणाले, "जिनं मला नावं ठेवली ती कुठाय?" वहिनी पुढं झाल्या. म्हाताऱ्यानं त्यांचे टाके भिंगातून बघितले, दोन कप चहा घेतला आणि जाताना सांगून गेले, "सोमवारपासून यायचं." तीन वर्षं त्यांच्या हाताखाली गेली, मग परीक्षा, मग परवाना. नणंद वहिनी म्हणायची म्हणून सगळं मैदान वहिनी म्हणायला लागलं. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले विमानाचे मेकॅनिकसुद्धा.

नव्या लोकांचा वहिनींना कधी त्रास झाला नाही. नवा माणूस गरीब गाईसारखा असतो. त्याला सांगितलं, छत्रीच्या दोऱ्यांवरून ओलांडून जाऊ नकोस, तर तो सबंध हँगरला वळसा घालून जातो. त्याला सांगितलं, दुसऱ्याच्या पिशवीला न विचारता हात लावायचा नाही, तर तो स्वतःच्या पिशवीलाही विचारून हात लावतो. डोकेदुखी होती ती जुन्यांची. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती पाहायची असेल तर ज्यानं हजार उड्या मारल्यात त्याच्यामागं दिवसभर फिरावं.

एक जुना माणूस घडीच्या सतरंजीवर बसून लिंबाचं सरबत पीत होता. सांडलं. म्हणाला, "पाणीच आहे, वाळेल." त्यातली साखर काय वाळणार? पुढच्या उडीला छत्री अर्धी उघडली आणि अर्धी चिकटून राहिली. तो कसाबसा उतरला आणि वहिनींनाच म्हणाला, "तुम्ही नजर लावलीत." दुसरा एक होता, तो उतरताना नेहमी आपल्याला हवं तिकडून उतरायचा. नियम साधा आहे. जो पहिला उतरला त्याची दिशा सगळ्यांनी धरायची, म्हणजे आभाळात समोरासमोर टक्कर होत नाही. हा म्हणायचा, "पहिला उतरला तो गाढव असेल तर?" वहिनींनी त्याला विचारलं, "आणि शेवटचा उतरला तो?" त्यावर हँगर चार दिवस हसलं. पण तो पाचव्या दिवशीही उलटाच उतरला. पालथ्या घड्यावर पाणी.

एकच बाई अशी होती की जिच्याबद्दल वहिनींना आजवर अक्षर बोलावं लागलं नव्हतं. दातांची डॉक्टर. बाराशे उड्या झालेल्या, पण पिशवी अशी ठेवायची की कालच दुकानातून आणली असावी. विमानात चढताना दोनदा आणि उडीआधी एकदा पिना तपासून घ्यायची, शेजाऱ्याला "तुमची बघू का?" असं विचारून मगच हात लावायची. वहिनी इतरांना रागावताना तिचं उदाहरण द्यायच्या. त्यामुळे बाकीचे तिच्यावरही जरा खार खाऊन असायचे, तिची काही चूक नसताना.

त्या आठवड्यात रविवारी मोठी उडी ठरली होती. अठरा जणांनी आभाळात एकमेकांचे हात धरून फूल करायचं. चार महिने सराव चालला होता. ज्यांच्या राखीव छत्रीची मुदत रविवारच्या आत संपते त्यांची नावं वहिनींनी दोन महिने आधी फळ्यावर लिहून ठेवली होती, चार नावं. दातांच्या डॉक्टरनं पिशवी वेळेवर आणायला घेतली होती, पण वहिनीच म्हणाल्या, "तुझी शुक्रवारी सगळ्यांत आधी करते, निवांत." बँकवाल्यानं गुरुवारी संध्याकाळी आणली. हा बँकेत काउंटरवर बसायचा आणि गिऱ्हाइकानं एक सही विसरली तर त्याला परत पाठवायचा. तिसरे मास्तर. मास्तर म्हणजे मैदानावरच्या सुरक्षेचे प्रमुख! कुणी उडायचं, कुणी नाही, हे ठरवणारे. त्यांनी शनिवारी सकाळी पिशवी आणून टेबलावर ठेवली आणि खिडकीच्या पडद्याकडं बघत राहिले.

"मास्तर, फळा कुणाच्या अक्षरात आहे?" वहिनींनी विचारलं.

"तुमच्या."

"वाचता येतो ना?"

"वहिनी, आता बोलू नका, बांधा."

चौथा तीनहजारी. त्याला तीन हजार उड्या होऊन दोन वर्षं झाली होती, पण नाव पुढं सरकलं नव्हतं. गडी तसा मनानं वाईट नव्हता. कुणाची छत्री झाडात अडकली तर पहिला शिडी घेऊन पळायचा. पण त्याला काही सांगणं म्हणजे उंटावरच्या शहाण्याला वाट दाखवणं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. राखीव छत्रीची घडी घालताना कापड निसटू नये म्हणून वहिनी चिमटे लावायच्या. बोटभर लांबीचे, पोलादी, एकूण सात. प्रत्येकावर लाल नेलपॉलिशनं एक ते सात आकडे. एका घडीला पाच पुरायचे, दोन हाताशी जादा. घडी बसली की चिमटे काढायचे, पत्र्याच्या ताटलीत ओळीनं ठेवायचे, मोजायचे, आणि सात भरले की कार्डावर बरोबरची खूण करायची. मगच मणी दाबायचा. कारण एक चिमटा आत राहिला तर छत्री उघडायच्या जागी तो तिला धरून ठेवणार, आणि आभाळात ती सोडवायला वहिनी थोड्याच येणार? म्हाताऱ्या कारागिरानं पहिल्या सोमवारी हेच शिकवलं होतं आणि वहिनींनी ते पुढं शंभर जणांना ऐकवलं होतं.

शनिवारी दुपारी तीनहजारीची राखीव टेबलावर होती. घडी अर्धी झालेली. तेवढ्यात तो आला. "झाली का? चारच्या विमानाला सरावाला जायचंय."

वहिनींनी वर बघितलं नाही. "राखीव होईल. पण तुमच्या मोठ्या छत्रीचा फास बघितलात?"

फास म्हणजे बोटाएवढा दोऱ्याचा तुकडा. मोठ्या छत्रीची पिशवी मिटलेली राहते ती त्याच्यात अडकवलेल्या पिनेमुळे. तीनहजारीच्या फासाचे निम्मे धागे उसवून म्हाताऱ्याच्या भुवईसारखे उभे राहिले होते.

"अजून पन्नास उड्या जाईल तो."

"मोजून सांगताय?"

"वहिनी, तीन हजार उड्यांचा माणूस बोलतोय. तुम्ही किती मारल्यात?"

"एक," वहिनी म्हणाल्या. "आणि छत्री माझी मी बांधली होती. अहो, विमानाचं दार उघडं असताना हा तुटला आणि तुमची छत्री बाहेर पडून शेपटीत अडकली, तर वन्संनी काय करायचं? तुमच्या तीन हजार उड्या सांगायच्या शेपटीला?"

"आजवर तुटलाय का?"

"आता तुटला," वहिनी म्हणाल्या आणि कात्री उचलून त्यांनी तो फास कचकन कापला.

त्यापुढं जे झालं ते हँगरच्या दुसऱ्या टोकाला विमानात तेल भरणाऱ्यालाही ऐकू गेलं. तीनहजारी म्हणाला, दुसऱ्याच्या सामानाला न विचारता हात लावायचा नाही हा तुमचाच नियम ना? वहिनी म्हणाल्या, सामानाला लावत नाही, कचऱ्याला लावते. तो म्हणाला, तुम्हाला माणसं ओरडायला लागतात. त्या म्हणाल्या, मला माणसं जिवंत लागतात. शेवटी त्यानं दारातल्या बादलीला लाथ मारली, ती पाण्यानं भरलेली निघाल्यामुळे लाथेचा उलट त्यालाच त्रास झाला, आणि तो लंगडत गेला. वहिनींनी त्याच्या पिशवीला नवा फास लावला, राखीव पुरी केली, मणी दाबला.

रात्री जेवताना त्यांचं तेच पुराण. वहिनींचे यजमान मैदानाचीच गाडी चालवायचे. भलतीकडं उतरलेल्यांना शेतांतून, नाल्यांतून गोळा करून आणायचं हे त्यांचं काम. ते म्हणाले, "अगं, ताटात छत्र्या नकोत."

"तुम्हाला हसू येतंय. मी एकटी बोंबलतेय."

"मग एक दिवस नको बोंबलूस. बघ काय होतं ते."

"माणूस मरतो," वहिनी म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

रविवारी सकाळी ढग उंच होते, वारा पडलेला. असा दिवस महिन्यातून एकदा मिळतो. अठरा जण अंगात पट्टे घालून धावपट्टीच्या कडेला उभे, नणंदबाई कानावर हेडफोन चढवून विमानात. वहिनींना आता काही काम नव्हतं. त्या खोली आवरत होत्या. ताटलीतले चिमटे पुसायला घेतले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात.

त्यांनी परत मोजले. मग टेबलाखाली बसून बघितलं. अॅप्रनचे खिसे उलटे केले. मशीनचा खण, रिळांची फळी, केराची टोपली, सतरंजीची घडी. चार नंबर कुठंच नव्हता.

वहिनींनी चारही कार्डांच्या नकला काढल्या. चारही कार्डांवर बरोबरची खूण होती. पण चिमटा हरवला एवढंच नव्हतं. त्यांना आठवेना. शुक्रवारचे दोन, शनिवारचे दोन, एकाही वेळी 'सात' असं मोजून संपवल्याचं आठवेना. खूण केल्याचं आठवत होतं. हात खूण करायला शिकला होता, आणि कधीपासून कोण जाणे, डोळ्यांची वाट न बघता करत होता.

बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं.

मनात आलं, पडला असेल कुठंतरी. राखीव लागतेच कितींदा? हजारात एकदा. आणि बरोबर ज्याच्यात चिमटा आहे त्यालाच, आणि आजच? असलं गणित ऐकलं की वहिनी लोकांच्या अंगावर धावून जायच्या. ते स्वतःच्याच डोक्यात ऐकून त्यांना इतका संताप आला की त्या पायातल्या सपातांसह पळत सुटल्या.

विमानाच्या पुढून कधी जायचं नाही, पंखा दिसत नाही. म्हणून त्या एवढ्या घाईतही मागून वळसा घालून दारापाशी पोचल्या. अठराही जण आत मांडीला मांडी लावून बसलेले.

"चौघांनी उतरा!" वहिनी ओरडल्या. "मास्तर, तीनहजारी, बँकवाले आणि डॉक्टर, तू. राखीव परत तपासायचीय."

"आता?" बँकवाला म्हणाला.

"आता."

तीनहजारीनं मान मागं टाकली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? कालचा फास पोटात राहिलाय त्यांच्या. सूड आहे हा."

"सूड कसला? तपासणी आहे."

"कालच तुम्ही मणी दाबलाय. स्वतःच्या मण्यावर स्वतःचाच भरवसा नाही का? मास्तर, तुम्ही सांगा, नियमात हे कुठं बसतं?"

मास्तर दोन्हीकडं बघत राहिले. पुढून नणंदेचा आवाज आला. "वहिनी, तेल जळतंय! काय ते लवकर बोल!"

कुणी उठेना. वहिनींना तेव्हा कळलं की सतरा वर्षं रोज लांडगा आला लांडगा आला ओरडलं की काय होतं. खरं तर लांडगा रोजच यायचा. पण रोज तीच हाक ऐकून कान बधिर होतात. डॉक्टर तेवढी पट्टा सोडायला लागली होती, कारण सांगितलेलं ऐकायची तिची सवयच.

"माझा एक चिमटा सापडत नाही," वहिनी म्हणाल्या.

इंजिनाच्या आवाजात मागच्यांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणतायत?"

वहिनींनी दाराची कड धरली आणि घसा फोडून सांगितलं, "चूक माझी आहे! मी मोजलं नाही! न मोजता खूण केली! तुमच्या चौघांपैकी कुणाच्या तरी राखीव छत्रीत माझा चिमटा असेल!"

मग मात्र चौघंही उठले. मास्तर तर असे उठले की डोकं छताला आपटलं. तीनहजारी खाली उतरताना वहिनींच्या शेजारी थबकला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणाला. पुढचं अर्धं त्यानं त्यांच्यावर सोडलं.

उरलेल्या चौदा जणांत फूल होत नव्हतं. नणंदबाईंनी इंजिन बंद केलं आणि सगळी वरात हँगरच्या पाठीमागच्या खोलीत आली.

वहिनींनी तीनहजारीची पिशवी पहिली घेतली, कारण भांडण तिच्यावर झालं होतं. असलाच तर तो हिच्यातच, त्यांची खात्री होती. आणि खरं सांगायचं तर तशी आशाही होती. रागात हात चुकला, असं म्हणता आलं असतं. निदान अर्धी चूक बादलीला लाथ मारणाऱ्याच्या पदरात टाकता आली असती. लाल दोरा कापला, पिन ओढली. आतली स्प्रिंगची छोटी छत्री बेडकासारखी टुणकन उडून टेबलावर पडली. पांढरं कापड उलगडत गेलं. घडी न् घडी. काही नाही.

"झालं समाधान?" तीनहजारी म्हणाला. "आता हिला परत बांधायला तीन तास."

"आज बांधणार नाही," वहिनी म्हणाल्या. "आज माझे हात छत्रीला लायक नाहीत."

मास्तरांची उघडली. काही नाही. मास्तर उगीचच "वा" म्हणाले. दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी बाहेर जाऊन वाऱ्याची नळी बघून आला. "वारा उठतोय," त्यानं सांगितलं. कुणी मोठ्यानं सुस्कारा टाकला, कुणी पट्टे काढून जमिनीवर आपटले. चार महिन्यांचा सराव. वहिनी ऐकत होत्या. एरवी पट्टे आपटणाऱ्याला त्यांनी सोललं असतं.

"आता माझी घ्या," डॉक्टर म्हणाली.

"तुझ्यात नसेल. तुझी शुक्रवारी सकाळी निवांत केली होती. कुणी आलंसुद्धा नव्हतं."

"तरी घ्या."

दोरा, पिन, बेडूक. कापड उलगडताना तिसऱ्या घडीला वहिनींचे हात थांबले. छत्रीच्या मधोमध, जिथं दोऱ्यांचे जुडगे एकत्र येतात, तिथं कापडाचे चार पदर दाबून धरून चार नंबरचा चिमटा बसला होता. नेलपॉलिशचा आकडा अगदी ठळक, कालच रंगवल्यासारखा.

वहिनींना वाटलं, तीनहजारीनं आता एक टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

निवांत केलेली. भांडण नाही, घाई नाही, कुणी दारात उभं नाही. खिडकीला पडदा, हाताशी चहा. जिला आजवर एक शब्द बोलावा लागला नाही तिची छत्री, आणि म्हणूनच बहुतेक वहिनींनी डोळे मिटून केलेली.

"काल मी चार उड्या मारल्या हिच्यावर," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यात असतो तसाच सरळ होता. "लागली असती, तर उघडली असती का?"

वहिनींनी चिमटा काढला नाही. पदर दोन्ही बाजूंनी धरून ओढून बघितले. "अर्धी उघडली असती. कदाचित झटक्यानं चिमटा सुटून पूर्ण. कदाचित नाही."

"कदाचित."

"होय. मला माहीत नाही."

डॉक्टरनं मान हलवली. खुर्चीवर बसली. मग तिनं हेल्मेट मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

राखीव छत्रीचं कार्ड पिशवीच्या कप्प्यातच राहतं. छत्री जाईल तिथं कार्ड जातं. पुढं दहा वर्षांनी दुसऱ्या देशातला कारागीर ती उघडेल तेव्हा आधी कार्ड वाचेल. वहिनींनी कार्ड काढलं, पेन घेतलं. मास्तर जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, 'तपासणीसाठी उघडली' एवढंच लिहा. तेही खोटं नाही. तुमचा परवाना आहे, सतरा वर्षं आहेत. उगीच कशाला..."

"मास्तर, तुम्ही सुरक्षा बघता ना?"

"म्हणून तर सांगतोय. तुम्ही गेलात तर इथं बांधणार कोण?"

वहिनी लिहायला लागल्या. रकाना करंगळीएवढा. 'शुक्रवारी बांधताना चिमटा नं. ४ आत राहिला. न मोजता' इथपर्यंत आला आणि जागा संपली. "ज्यानं हे कार्ड छापलं त्याला वाटलं असेल की कारागीर चुकतच नाही," त्या चिडून म्हणाल्या आणि पुढचं समासात उभं लिहिलं: 'खूण केली. चार उड्यांनंतर सापडला.' खाली सही, नंबर. कार्ड डॉक्टरसमोर धरलं.

डॉक्टरनं ते पूर्ण वाचलं, समासातलं मान वाकडी करून. "मी ही दुसऱ्या कारागिराकडे नेते," ती म्हणाली. "राग नाही वहिनी. पण नेते."

"न्यायलाच पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "मास्तर, त्या फळ्यावर माझं नाव लिहा. मला कुणीतरी वरचा माणूस येऊन तपासेपर्यंत मी मणी दाबणार नाही. आणि ज्यांना राग आलाय त्यांनी फळ्यावर वाचावं, मला सारखं सारखं विचारू नये."

दारातली गर्दी पांगायला लागली. वारा वाढला होता, फूल आज होणार नव्हतं. नणंदबाई आत आली आणि टेबलावरचा गार झालेला चहा उचलून बाहेर ओतून आली.

बँकवाला आपली पिशवी उचलायला पुढं झाला. वारा पडला तर संध्याकाळी सातआठ जणांची छोटी उडी तरी करू, असं बाहेर ठरत होतं, आणि त्याची राखीव अजून बंद, मण्यासकट शाबूत होती. वहिनींनी पिशवीच्या पट्ट्यावर हात ठेवला.

"अहो वहिनी, आता माझी कशाला?" तो म्हणाला. "चिमटा सापडला की!"

"चिमटा सापडला," वहिनी म्हणाल्या. "माझं डोकं अजून सापडलेलं नाही. पिशवी सोडा."

त्यानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी खिडकीकडं बघितलं. मग त्यानं तीनहजारीकडं बघितलं, निदान हा तरी आपल्या बाजूनं भांडेल म्हणून.

"दे रे," तीनहजारी म्हणाला.

बँकवाल्यानं पट्टा सोडला आणि वहिनींनी कात्री घेऊन चौथा दोरा कापला.